फिक्स १४ नोव्हेंबरला संपतोय – आत्ताच कंपनी बदलू की थांबू? (यूके, वीज आणि गॅस)

रेडिंगचा_बंड्या | २० सप्टेंबर २०२५, सकाळी ९:४०

मंडळी, नमस्कार. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो. पहिला धागा काढतोय, तोही बिलापायी.

रेडिंगला तीन बेडरूमचं घर. आम्ही दोघं, दोन शाळकरी मुलं, आणि नोव्हेंबरात सांगलीहून आई-बाबा येतायत. म्हणजे यंदा हीटिंग दिवसभर. आत्तापर्यंतचा वर्षाचा वापर वीज ३,४०० युनिट, गॅस १४,००० युनिट (दोन्ही किलोवॉट-तासात).

गेल्या नोव्हेंबरात वर्षाचा फिक्स (म्हणजे ठरावीक दराचा करार) घेतला होता: युनिटला वीज २२.९ पेन्स, गॅस ५.९ पेन्स. तो १४ नोव्हेंबरला संपतो. कंपनीच्या अॅपमध्ये 'खास तुमच्यासाठी' म्हणून नवा फिक्स दिसतोय: वीज २५.२, गॅस ६.१. दुसऱ्या एका कंपनीचा बघितला: वीज २४.१, गॅस ५.७५. आज सोडलं तर एक्झिट फी (करार मध्येच मोडल्याचा दंड) वीज ७५ आणि गॅस ७५, मिळून दीडशे पौंड.

तीन रस्ते दिसतात. दीडशे भरून आत्ताच उडी मारायची, नोव्हेंबरपर्यंत थांबायचं, किंवा काहीच न करता व्हेरिएबलवर (बदलत्या दरावर) जाऊन जानेवारीत नवी कॅप (दरांवरची कमाल मर्यादा) काय येते ते बघायचं. ऑफिसातले सगळे वेगवेगळं सांगतात. तुम्ही काय करता?

मीटरवाली | २० सप्टेंबर, १०:०५

दीडशे पौंड अजिबात भरू नका! फिक्स संपायच्या आधीच्या ४९ दिवसांत एक्झिट फी लावता येत नाही, ऑफजेमचा (इथल्या वीज-गॅस नियामकाचा) नियमच आहे. १४ नोव्हेंबरच्या मागे ४९ दिवस म्हणजे २६ सप्टेंबर. आज २० तारीख. सहा दिवस दम धरा.

कंपनीला ४९ ते ४२ दिवस आधी तुम्हाला कळवावंही लागतं, म्हणजे ते पत्र २६ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबरच्या दरम्यान येईल. 'खास तुमच्यासाठी'वाल्याचा आणि त्या पत्राचा काही संबंध नाही.

रेडिंगचा_बंड्या | २० सप्टेंबर, १०:११

काय सांगता! आमच्या ऑफिसातल्या एकाने गेल्याच महिन्यात शेवटच्या दोन महिन्यांसाठी शंभर भरले.

मीटरवाली | २० सप्टेंबर, १०:१४

दोन महिने म्हणजे साठेक दिवस. अकरा दिवस थांबला असता तर शंभर वाचले असते. त्याला हा धागा पाठवू नका, रात्रीची झोप जाईल.

शून्य_अंश | २० सप्टेंबर, ११:३०

माझं मत वेगळं. मी गेली दोन वर्षं व्हेरिएबलवरच आहे. कॅप असते ना वर, मग घाबरायचं कशाला? एप्रिलमध्ये वर्षाला १,८४९ पौंड होती, जुलैत १,७२० झाली, १ ऑक्टोबरपासून १,७५५. वर-खाली होत राहतं. कंपन्या फिक्स विकतात ते त्यांच्या फायद्यासाठीच.

गवती_चहा | २० सप्टेंबर, ११:४२

एक बावळट प्रश्न. कॅप १,७५५ म्हणजे वर्षाचं बिल त्याहून जास्त येणारच नाही ना? मग मी हीटिंग २५ वर ठेवून खिडकी उघडी टाकू का?

हिशेबी | २० सप्टेंबर, ११:५८

@गवती_चहा, टाका, आणि मग घर विकायला काढा :) कॅप बिलाला नसते, दराला असते. १,७५५ हा आकडा 'सर्वसाधारण' घराचा, म्हणजे वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस, तेही डायरेक्ट डेबिटने (बँकेतून परस्पर जाणाऱ्या हप्त्याने) भरणारं. जास्त वापरलंत तर जास्त येणार. ऑक्टोबरपासूनचे सरासरी दर असे: वीज २६.३५ पेन्स आणि रोजचा स्टँडिंग चार्ज (स्थिर आकार) ५३.६८, गॅस ६.२९ आणि ३४.०३. भागाप्रमाणे थोडे इकडे-तिकडे. बातम्यांमधला मोठा आकडा विसरा, हे चार आकडे बघा.

बेलफास्टी | २० सप्टेंबर, १२:१०

आणि उत्तर आयर्लंडला ही कॅप लागूच नाही, इकडचा नियामक वेगळा. आमच्यासाठी कोणी धागा काढत नाही :(

लेस्टरची_मावशी | २० सप्टेंबर, दुपारी १:२५

शून्य_अंश, तुम्ही इकडे नवीन दिसताय. मी २०२१ सांगते.

ऑक्टोबर २०२१ ला कॅप होती १,२७७. त्याच सप्टेंबरात माझ्या कंपनीने दोन वर्षांचा फिक्स देऊ केला होता. तेव्हाच्या व्हेरिएबलपेक्षा महिन्याला वीसेक पौंड जास्त. आमचे हे म्हणाले, लुटतायत, नको. एप्रिल २०२२ ला कॅप १,९७१. ऑक्टोबरसाठी ऑफजेमने जाहीर केली ३,५४९! सरकारने मध्ये पडून २,५०० ला थोपवली म्हणून निभावलं. शेजारच्या गुजराती काकूंनी तोच फिक्स घेतला होता. पुढची दोन वर्षं त्या मला रोज जिन्यात भेटत होत्या आणि रोज विचारत होत्या, "केम छो?"

वर माझी कंपनी त्याच धामधुमीत बुडाली (नाव नको, पावशतकाहून जास्त बुडाल्या तेव्हा). पुरवठा मात्र एक मिनिटही बंद पडला नाही, ऑफजेमने दुसऱ्या कंपनीकडे सोपवलं आणि खात्यात जमा असलेले पैसेही तिकडे आले. पण गेलो ते थेट व्हेरिएबलवर, कारण तेव्हा बाजारात फिक्स औषधालाही नव्हता.

शून्य_अंश | २० सप्टेंबर, १:४०

मावशी, मान्य. पण २०२२ च्या शेवटी घाबरून महागडा फिक्स घेतलेले माझे दोन मित्र २०२३ च्या जुलैत दर उतरल्यावर डोक्याला हात लावून बसले होते. तेही सांगायला हवं.

लेस्टरची_मावशी | २० सप्टेंबर, १:४४

तेही खरंच हो. त्यातला एक माझा जावई.

पार्लेकर | २० सप्टेंबर, ३:१५

जरा अवांतर. कंपनी बदलण्याची ही भानगड आम्हा मुंबई उपनगरवाल्यांना नवीन नाही. २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर टाटा पॉवरला उपनगरात घरोघरी वीज विकायची वाट मोकळी झाली, आणि २००९ पासून लोक रिलायन्स सोडून टाटाकडे जाऊ लागले. तारा रिलायन्सच्याच, वीज टाटाची. आमच्या सोसायटीत अर्ध्यांनी बदललं, अर्ध्यांनी नाही. लाइट गेली की सगळ्यांचीच जायची, आणि मग सभेत भांडण, की 'तुमच्या कंपनीमुळे गेली'! एकच तार जळलेली असायची. पुढे तारांचा वेगळा आकार आणि वरचे अधिभार लागले, तशी बचत आटली आणि उत्साहही.

रेडिंगचा_बंड्या | २० सप्टेंबर, ३:३०

आमच्याकडे सांगलीत महावितरण एके महावितरण. बाबांना 'वीज कंपनी बदलतोय' सांगितलं तर ते विचारतात, "खांब कोण लावणार?"

पार्लेकर | २० सप्टेंबर, ३:३४

त्यांना म्हणावं, खांब, तारा, मीटर सगळं तेच राहतं. फक्त बिलावरचं चित्र बदलतं.

पण महाराष्ट्रातून येणाऱ्यांची एक सवय इथे नडते. तिकडे स्लॅब असतात, शंभर युनिटच्या आत राहिलो की दर कमी. इथे पहिल्या युनिटचा दर तोच आणि शेवटच्याचाही तोच. उलट रोजचा स्टँडिंग चार्ज काहीही न वापरता लागतो. सुट्टीत महिनाभर घर बंद ठेवलं तरी दोन्ही मिळून सव्वीस पौंड. म्हणून दोन टॅरिफ (दरयोजना) तोलताना नुसता युनिट रेट बघू नका.

टिकोजीराव_टेक्सास | २० सप्टेंबर, संध्याकाळी ५:०२

तुमचा ४९ दिवसांचा नियम वाचून हेवा वाटला. इकडे टेक्सासात करार संपायच्या आधीचे १४ दिवसच मोकळे, त्याआधी सुटलं की दंड. (ह्यूस्टन-डॅलसकडे निवड असते. ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोत शहराचीच वीज, तिथे बदलायचा प्रश्नच नाही.)

मी एक घोडचूक केली ती सांगतो. पहिलं घर ऑगस्टमध्ये घेतलं, १२ महिन्यांचा करार केला. म्हणजे दरवर्षी करार संपणार तो ऐन ऑगस्टात, बाहेर १०५ फॅरनहाइट, एसीला क्षणाची उसंत नाही, आणि दर शिखरावर. एक वर्ष तारीख विसरलो तर कंपनीने महिना-महिना चालणाऱ्या चढ्या दरावर टाकलं. त्या एका महिन्याच्या बिलात मी मायदेशी जाऊन आलो असतो. पुढच्या वेळी मुद्दाम १५ महिन्यांचा करार घेतला आणि शेवट हलवून नोव्हेंबरात आणला. तेव्हापासून निवांत.

आणि आमच्याकडच्या जाहिराती! '१,००० युनिट वापरा, शंभर डॉलर परत.' ९९० झाले की परत काही नाही. माझी बायको महिनाअखेरीला मीटर बघून ओव्हन लावायची, शपथ.

मीटरवाली | २० सप्टेंबर, ५:२०

हाहा! म्हणजे केक फुकट आणि वर नव्वद डॉलर.

राइनकाठी | २० सप्टेंबर, ६:४५

जर्मनीतही तसंच: पहिल्या वर्षी नव्या ग्राहकाला बोनस, दुसऱ्या वर्षी बोनस नाही आणि दर वर. पहिली मुदत संपली की आता महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं, हे बरं झालंय. कंपनीने मध्येच दर वाढवला तर लगेच सोडायचा खास हक्क असतो, तो लोक वापरत नाहीत.

हिशेबी | २१ सप्टेंबर, सकाळी ७:५०

धागा टेक्सासमार्गे जर्मनीला पोचला, मी रेडिंगला परत आणतो. बंड्या, काल रात्री तुमचे आकडे मांडले. स्टँडिंग चार्ज तुम्ही दिले नव्हते. त्या दुसऱ्या कंपनीचे ५० आणि ३१ पेन्स, तुमच्या कंपनीच्या नव्या फिक्सचे ५३ आणि ३४ धरलेत. चुभूद्याघ्या.

दुसरी कंपनी: वर्षाला साधारण १,९२० पौंड.
तुमच्या कंपनीचा 'खास' फिक्स: २,०२८.
ऑक्टोबरच्या कॅपच्या दराने व्हेरिएबल: २,०९७.

आता थांबण्याची किंमत. १४ नोव्हेंबरपासून दोन महिने व्हेरिएबलवर बसलात तर ते दोन महिने साधे नाहीत. तुमच्यासारख्या घरात वर्षाचा जवळजवळ ३० टक्के गॅस त्यातच जळतो. ४,२०० युनिट गॅस आणि ६५० युनिट वीज धरली तर फरक पडतो चाळीसेक पौंडांचा. म्हणजे जानेवारीत मिळणारा फिक्स आजच्यापेक्षा वर्षाला चाळीसने तरी स्वस्त हवा, तेव्हा कुठे बरोबरी. मे-जूनमध्ये फिक्स संपत असता तर हेच थांबणं पंधरा-वीस पौंडांत झालं असतं, तेव्हा मीही म्हटलं असतं, बघा गंमत.

डायरेक्ट डेबिट बारा महिने सारखाच जातो, म्हणून हे कोणाला जाणवत नाही. जानेवारीतला गॅस आपण जुलैतच भरत असतो.

शून्य_अंश | २१ सप्टेंबर, ८:३०

हं. हे मी असं कधी मांडून बघितलं नव्हतं. पण माझा फ्लॅट दोन खोल्यांचा, गॅस नाहीच. मला फरक किरकोळ.

हिशेबी | २१ सप्टेंबर, ८:३६

मग तुमचं बरोबर आहे. तुम्ही व्हेरिएबलवर राहिलात म्हणून आभाळ कोसळणार नाही. पण बंड्याकडे १४,००० युनिट गॅस आहे आणि त्यात आई-बाबा.

बंड्या, अजून एक. तुमचा जुना दर आणि दुसऱ्या कंपनीचा दर वर्षाच्या हिशेबात जवळपास सारखेच. म्हणून २६ तारखेनंतर महिना-दीड महिना आधी गेलात तरी गमवायला काही नाही. जुना दर खूप स्वस्त असता तर मी म्हटलं असतं, शेवटच्या आठवड्यापर्यंत चिकटून राहा. बदलायला आता पाच कामाचे दिवस पुरतात, आणि काही कंपन्या पुढची तारीखही निवडू देतात.

मीटरवाली | २१ सप्टेंबर, ९:१०

हिशेबींना अनुमोदन. आणि बदलाच्या दिवशी दोन्ही मीटरचे फोटो काढा, तारखेसकट. गयावया करून सांगतेय.

माझी कथा. आमचं गॅस मीटर घनमीटरवालं. नव्या कंपनीने खात्यात ते जुनं, शेकडा घनफुटांचं असं नोंदवलं. घनमीटरचा एक आकडा म्हणजे साधारण ११ युनिट, आणि त्या जुन्या मीटरचा एक आकडा त्याच्या २.८३ पट. पहिल्या हिवाळ्यात बिल बघून मी नवऱ्याला विचारलं, "गॅरेजमध्ये बेकरी काढलीस का?" त्याने बॉयलरवाल्याला बोलावलं, मी शेजारणीवर संशय घेतला. चौथ्या फोनला एका शहाण्या मुलीने विचारलं, "मीटरवर एम आणि वर बारीक तीन लिहिलंय का?" लिहिलं होतं. पैसे परत आले, पण शेजारणीशी अजून नीट बोलणं नाही.

असला वाद तक्रारीनंतर आठ आठवड्यांत मिटला नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे (ऊर्जा लोकपालाकडे) जाता येतं, तेव्हा फोटो हाताशी हवा. माझ्यावर ती वेळ आली नाही.

गवती_चहा | २१ सप्टेंबर, ९:२५

वाचनखूण साठवली. आत्ता खाली जाऊन मीटर बघून आले. एम आणि तीन आहे. मीटर मात्र शेजाऱ्याचं होतं.

कंदील | २१ सप्टेंबर, दुपारी २:००

एवढा उपद्व्याप कशाला? अर्ध्या-अर्ध्या तासाला बदलणारा टॅरिफ घ्या. मी दोन वर्षं त्यावर आहे. वारा सुटला की रात्रीचा दर कधी कधी शून्याखाली जातो, म्हणजे ते मला पैसे देतात! धुणं, डिशवॉशर, गाडीचं चार्जिंग सगळं रात्री.

लेस्टरची_मावशी | २१ सप्टेंबर, २:२०

आणि संध्याकाळी चार ते सात, दर चढलेला असतो तेव्हा?

कंदील | २१ सप्टेंबर, २:२३

तेव्हा आम्ही थंड खातो.

लेस्टरची_मावशी | २१ सप्टेंबर, २:२५

सांगलीहून सासूबाई येतायत त्या घरात संध्याकाळी साडेपाचला कुकर लागणार नाही? बंड्या, दिवे घ्या, पण हा टॅरिफ घेऊ नका.

टिकोजीराव_टेक्सास | २१ सप्टेंबर, ३:१०

बाजाराच्या दराशी बांधलेल्या टॅरिफचं आम्हाला विचारा. फेब्रुवारी २०२१ च्या बर्फात इथला घाऊक दर युनिटला नऊ डॉलरवर जाऊन बसला होता, आणि ग्रिडी नावाच्या कंपनीचे ग्राहक थेट त्याच दराला जोडलेले. काहींना हजारो डॉलरची बिलं आली. महिन्याभरात कंपनी दिवाळखोरीत.

कंदील | २१ सप्टेंबर, ३:१८

इथल्या माझ्या टॅरिफला युनिटला एक पौंडाची कमाल मर्यादा आहे, तेवढं अंगावर येत नाही. पण मुद्दा घेतला. लहान मुलं, म्हातारी माणसं, गॅसचं हीटिंग असलेल्या घराला मी तरी सुचवणार नाही. माझी गाडी विजेची, घरात मी एकटा, आणि मला थंड पोहे आवडतात.

रेडिंगचा_बंड्या | २९ सप्टेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार, हिशेबींना तर लोटांगण. २६ ला शुक्रवार होता, शनिवारी सकाळी चहा घेत अर्ज केला. दरम्यान तो २४.१ चा टॅरिफ २४.४ झाला होता, म्हणजे सहा दिवस थांबण्याचे दहा पौंड पडले. दीडशेपुढे किस झाड की पत्ती. गॅस तोच ५.७५. नवीन एक्झिट फी पन्नास-पन्नास.

आधीच्या कंपनीचा फोन आला, "का सोडताय?" मी म्हटलं, 'खास माझ्यासाठी' होता तो दर दुसऱ्या कुणाला द्या.

मीटरवाली | २९ सप्टेंबर, ९:४१

फोटो?

रेडिंगचा_बंड्या | २९ सप्टेंबर, ९:४३

काढणार, काढणार! मोबाइलमध्ये गजर लावलाय.

रेडिंगचा_बंड्या | ३० नोव्हेंबर, सकाळी ११:१५

धागा वर काढतोय. बदल सुरळीत झाला. जुन्या कंपनीचं शेवटचं बिल आलं, जमा असलेले ८३ पौंड परत मिळाले. फोटो कामाला आले: जुन्या कंपनीने शेवटचं रीडिंग अंदाजे धरलं होतं, ९० युनिटचा घोळ, एका ईमेलने मिटला. स्मार्ट मीटरचा तो स्वयंपाकघरातला छोटा पडदा मात्र बदलल्यापासून मुका झालाय. आईला तो देवघरातलं घड्याळ वाटायचा, आता विचारते, "बंद का पडलं?"

जानेवारीची कॅप १,७५८ जाहीर झाली, म्हणजे जवळपास जागच्या जागी. आणि २६ तारखेच्या बजेटमध्ये एप्रिलपासून घरटी सरासरी दीडशे पौंड बिलातून कमी करणार म्हणालेत. ऑफिसात परत तीच चर्चा: फिक्सवाल्यांना ते मिळणार की नाही?

शून्य_अंश | ३० नोव्हेंबर, ११:३०

बघा! म्हणत होतो ना, थांबा.

हिशेबी | ३० नोव्हेंबर, ११:५२

एप्रिलला थंडी सरलेली असेल, शून्य_अंश. तोवरचा गॅस तर जळूनच जाणार. बंड्या, फेब्रुवारीच्या शेवटी एप्रिलची कॅप जाहीर होते. तेव्हा तुमच्या कंपनीने तुमचे दर किती उतरवले ते बघा आणि शंभर पौंडांच्या एक्झिट फीशी ताडून पाहा. तोवर काही करू नका. आई-बाबा आले का? थर्मोस्टॅट कितीवर?

रेडिंगचा_बंड्या | ३० नोव्हेंबर, १२:०५

आले. २३ वर. बाबा अंगात स्वेटर घालून, खिडकी उघडून बसतात. म्हणे कोंदट होतं.